आधी पार्किंगमधला प्लग, मग शोरूम: रोजच्या फेरीसाठी परवडणारी इलेक्ट्रिक स्कूटर कशी निवडावी

पुण्यात धायरीहून हिंजवडीला जायचं म्हणजे नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर आणि मग वाकड. एका बाजूने साधारण २३ किलोमीटर. पावणेतीन वर्षांपूर्वी मी पेट्रोलची स्कूटर देऊन इलेक्ट्रिक घेतली. तेव्हापासून सोसायटीतले, ऑफिसमधले, नात्यातले बरेच जण एकच प्रश्न विचारत आले आहेत: "कुठली घेऊ?" त्यांच्याबरोबर शोरूम पालथ्या घातल्या, कोटेशनं वाचली, काहींच्या घरी वायरमनलाही गाठलं. एवढ्या अनुभवातून एक गोष्ट ठामपणे सांगतो. "कुठली" हा प्रश्न बराच नंतरचा आहे. आपण रोज किती फिरतो, गाडी कुठे लावतो आणि चार्जिंग कुठे करणार, याची उत्तरं आधी हवीत. ती मिळाली की पंधरा मॉडेलांची यादी आपोआप दोन-तीनवर येते.

पायरी १: आठवडाभर वही ठेवा

जुन्या गाडीच्या डिकीत एक छोटी वही आणि पेन ठेवा. सकाळी निघताना मीटरचा आकडा लिहायचा, रात्री परत आल्यावर लिहायचा. सात दिवस, रविवारसकट.

हे सांगितलं की बहुतेक जण म्हणतात, "मला माहितेय माझं अंतर." माझी बहीणही हेच म्हणाली होती. घर ते शाळा आणि परत, १२ किलोमीटर. वहीत मात्र दिवसाची सरासरी २१ निघाली, कारण मुलाचा क्लास, भाजी आणि आईकडची चक्कर तिने कधी धरलीच नव्हती. गुरुवारी तर ३१ झाले होते. आपल्याला सरासरीपेक्षा हा गुरुवार जास्त महत्त्वाचा आहे. गाडी सर्वांत लांबच्या दिवसाला पुरली, तर बाकीच्या सहा दिवसांना पुरतेच.

आकड्याशेजारी दोन गोष्टी टिपून ठेवा: डबलसीट किती वेळा गेलात, आणि वाटेत चढ किंवा हायवे किती आहे. वारज्याहून चांदणी चौकाकडे चढताना बॅटरी जशी उतरते, तशी सपाट रस्त्यावर उतरत नाही.

पायरी २: प्लग

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. गाडी आवडली, पैसे भरले, घरी आणली आणि मग चार्जिंगला जागा नाही, असं झालेली माणसं मी पाहिली आहेत. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेंशन बोर्डची वायर खाली सोडून चार्जिंग चालायचं, अशी एक गाडी आमच्याच इमारतीत होती. एका रविवारी शेजाऱ्यांनी प्लग काढून मला दाखवला. थ्री-पिनची एक पितळी पिन काळपट निळी पडली होती आणि बोर्डाचं भोक वितळून लंबगोल झालं होतं. हात लावला तर प्लास्टिक अजून कोमट होतं. घरगुती एक्स्टेंशन बोर्डावर मोबाईल, लॅपटॉप चालतो. रात्रभर पाच-सहा तास सलग भार त्याच्यावर टाकायचा नाही.

खरं तर लागणारा भार काही फार नाही. बहुतेक घरगुती चार्जर ५०० ते ९०० वॉटचे असतात, म्हणजे इस्त्रीपेक्षा कमी. सोसायटीच्या कमिटीपुढे ही तुलना जरूर मांडा, तिने बराच विरोध मावळतो. फरक इतकाच की इस्त्री पंधरा मिनिटं चालते आणि हा भार पाच तास. म्हणून वायरिंग नीट हवं. वायरमनला सांगायचं ते असं: आपल्या मीटरपासून पार्किंगपर्यंत पाइपातून २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, १६ ॲम्पियरचा सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळाली, शॉक बसला की पुरवठा तोडणारा स्विच) आणि खरं अर्थिंग. अंतर बरंच लांब असेल तर वायर किती जाडीची लागेल, ते त्यालाच मोजू द्या. 'खरं' अर्थिंग म्हणतो, कारण जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायर जोडलेली नसते. वायरमनकडून ते तपासून घ्या. सॉकेट पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी आणि कंबरेच्या वर बसवा.

वायर आपल्याच मीटरवरून आली तर हिशेबाचा वाद राहत नाही. सोसायटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. सामाईक मीटरवरून करायचं असेल तर सबमीटर लावा. महावितरण ईव्ही चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही देते. चार-पाच गाड्या असतील तर सगळ्यांनी मिळून तिचा विचार करावा.

पार्किंगपर्यंत वायर जाणं शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल किंवा वाड्यात राहत असाल, तर बॅटरी काढून वर नेता येईल अशीच गाडी घ्या. हिरोच्या विडा मालिकेत ही सोय आहे. मात्र अशी बॅटरी दहा-बारा किलोची असू शकते. शोरूममध्ये ती स्वतः उचला, चार पावलं चाला, आणि आपल्याला रोज किती जिने चढायचे आहेत ते आठवा. ज्यांना रोज गाडी चालवायची आहे, त्यांनीच उचलून बघावी. बॅटरी वर नेली तरी झोपायच्या खोलीत किंवा बाहेर पडायच्या दारात चार्जिंगला ठेवू नका.

पायरी ३: बॅटरी किती मोठी?

बॅटरीची क्षमता किलोवॉट-तासात सांगतात. घाबरू नका, आपल्या लाइट बिलातलं युनिट म्हणजेच हे. ३ किलोवॉट-तासांची बॅटरी म्हणजे ३ युनिटं मावणारी टाकी.

जाहिरातीतली रेंज बहुतेक वेळा प्रयोगशाळेतली असते. गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या चक्रात चालवतात. आयडीसी हे भारतीय चक्र जेमतेम २२ किमी सरासरी वेगाचं आहे आणि त्यात सर्वाधिक वेग ४२ किमी. अशा चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. चाचणीत खोट काही नाही. पण बायपासला ६० ने जाताना वाऱ्याचा विरोध कितीतरी जास्त असतो, कारण वेग दुप्पट झाला की तो विरोध चौपट होतो. म्हणून जाहिरातीतला आकडा दोन-तृतीयांशच धरा. १०० लिहिलं असेल तर हाती ६५-७० येतील.

मी यापेक्षाही सोपा हिशेब करतो. साधारण स्कूटर शहरात किलोमीटरला २५ ते ३० वॉट-तास खाते (हजार वॉट-तास म्हणजे एक युनिट). चढ, डबलसीट आणि वेग असला की ३५ पर्यंत जाते. माझा सर्वांत लांबचा दिवस ६० किमीचा. ६० गुणिले ३५ म्हणजे २,१०० वॉट-तास. बॅटरी रोज पूर्ण रिकामी करायची नसते, २० टक्के राखून ठेवायची. म्हणजे हवी २,६२५. पाच-सहा वर्षांनी बॅटरीची ताकद पाव हिश्शाने घटेल असं धरून चालू. मग आज हवी ३,५००, म्हणजे साडेतीन किलोवॉट-तास.

थोडक्यात, लांबच्या दिवसाच्या किलोमीटरला ०.०६ ने गुणा. ६० किमीला साडेतीनच्या आसपास येतं, बहिणीच्या ३१ किमीला दोनच्याही आत. ऑफिसात दिवसा हक्काचा सॉकेट असेल तर गरज जवळपास निम्मी होते. पण तो सॉकेट सिक्युरिटीच्या मर्जीवर असेल तर हिशेबात धरू नका.

इथेच पैसे वाचतात. किमतीतला मोठा वाटा बॅटरीचा असतो. २० किमी फिरणाऱ्याने ४ किलोवॉट-तासांची गाडी घेतली तर तो रोज न लागणारं वजन आणि कर्ज दोन्ही वाहतो. उलट माझ्यासारख्याने दोनची घेतली तर दुसऱ्या वर्षीच संध्याकाळी घरी पोहोचेपर्यंत जीव टांगणीला लागेल. कोटेशन घेताना 'वापरता येणारी क्षमता किती?' हे मुद्दाम विचारा. एकूण आणि वापरण्याजोगी यात थोडा फरक असतो.

लिथियम बॅटरीचे मुख्य प्रकार दोन, एलएफपी आणि एनएमसी. एलएफपी उष्णता जास्त सोसते, चार्जिंगची आवर्तनं जास्त देते, पण त्याच क्षमतेला वजन जास्त. एनएमसी हलकी, म्हणून स्कूटरमध्ये जास्त दिसते. दोन्ही चालतात. लेड-ॲसिड बॅटरीची स्वस्त गाडी मात्र रोजच्या कामासाठी घेऊ नका, तिची बॅटरी लवकर बसते आणि बदलण्याचा खर्च पुन्हा पुन्हा येतो.

२०२२ मध्ये गाड्यांना आगी लागल्या, पुण्यातही लागली. त्यानंतर बॅटरीसाठीचे एआयएस-१५६ चे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामुळे जुनी गाडी घेत असाल तर तिची बनावट मार्च २०२३ नंतरची असेल असं बघा. सोबत सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा रिपोर्ट घ्या आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते का ते लेखी विचारा.

पंचवीसच्या वेगाची, नंबर नसलेली गाडी

२५० वॉटपर्यंतची मोटर आणि जास्तीत जास्त २५ किमी वेग असलेल्या गाडीला लायसन्स लागत नाही, नोंदणी लागत नाही. किंमतही कमी. गल्लीतल्या दुकानापर्यंत जायला, कॉलनीत फिरायला ठीक. पण सिंहगड रस्त्यावर किंवा कुठल्याही उड्डाणपुलावर मागून ट्रक येत असताना २५ चा वेग जिवावर बेतू शकतो. "आतून वेग वाढवून देतो" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. तशी गाडी बेकायदा ठरते आणि अपघात झाला तर सगळं आपल्या अंगावर येतं.

पायरी ४: परवडते का, हे कागदावर बघा

महिन्याला १,००० किमी धरू. पेट्रोल स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर २२ लिटर, १०४ च्या भावाने सुमारे २,३०० रुपये. इलेक्ट्रिकला ३० युनिटं, चार्जिंगमधली गळती धरून ३५. युनिटला १२ रुपये धरले तर ४२० रुपये. महिन्याला अठराशेच्या वर वाचतात.

यात एक बारकावा सुटतो. महावितरणच्या घरगुती बिलाला १००, ३००, ५०० युनिटांचे टप्पे आहेत आणि वरच्या टप्प्याचा दर चढा असतो. स्कूटरची युनिटं आपल्या नेहमीच्या वापरावर चढतात. घरात आधीच २८० युनिटं जळत असतील तर ३५ पैकी १५ युनिटं महाग टप्प्यात पडतात. मागची तीन बिलं काढून हिशेब स्वतः करा.

आता दुसरी बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, इलेक्ट्रिकचा ५ टक्केच राहिला. त्यामुळे किमतीतला फरक आता वाढलेला दिसेल. समजा तो ३०,००० आहे. माझ्यासारख्याचे ते दीड वर्षात वसूल होतात. महिन्याला ३०० किमी चालवणाऱ्याचे पाचशे-साडेपाचशे वाचतात, म्हणजे जवळपास पाच वर्षं लागतात. दिवसाला १० किमीच्या आत फिरत असाल आणि जुनी गाडी धड चालत असेल, तर पैशांसाठी म्हणून बदलू नका, असंच मी सांगतो.

बॅटरी भाड्याने घेण्याचा पर्यायही आता आहे. गाडी स्वस्तात मिळते आणि बॅटरीचे दर किलोमीटरमागे किंवा महिन्याला पैसे भरायचे. किलोमीटरला १ रुपया धरला तर १,००० किमीला महिना हजार, आणि वीज वेगळी. एकरकमी पैसे नसतील तर सोयीचं, पण किमान मासिक रक्कम, कराराची मुदत आणि मधेच सोडल्यास काय, ही तीन कलमं वाचल्याशिवाय सही करू नका.

पायरी ५: सर्व्हिस सेंटरला शनिवारी सकाळी जा

विकत घेण्याआधी, ग्राहक म्हणून नव्हे, नुसतं बघायला. माझी गाडी पहिल्या वर्षी एका पार्टसाठी १९ दिवस सेंटरमध्ये पडून होती. रोज फोन केला की "पार्ट निघालाय". त्या १९ दिवसांत रिक्षा आणि कॅबला जे गेलं, त्यात सहा-सात महिन्यांची बचत वाहून गेली. तेव्हापासून मी कुणाहीबरोबर गेलो की आधी सेंटरच्या आवारात फिरतो. किती गाड्यांवर धूळ बसली आहे? बाहेर थांबलेल्या दोघा-तिघांना विचारा, "किती दिवसांनी मिळाली?" ही माणसं मोकळेपणाने बोलतात, आणि त्यांच्या तोंडून कळतं ते माहितीपत्रकात कधीच नसतं.

वॉरंटीही इथेच बघा. बॅटरीला ८ वर्षं किंवा ८०,००० किमीपर्यंतची वाढीव वॉरंटी काही कंपन्या देतात. त्यात 'क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देऊ' असं स्पष्ट लिहिलेलं आहे का ते शोधा. नुसतं 'उत्पादनातील दोष' असेल तर घटलेल्या रेंजसाठी दाद मागणं अवघड. मोटर, कंट्रोलर आणि चार्जरची वॉरंटी बऱ्याचदा वेगळी आणि कमी वर्षांची असते. रोज लांब फिरणाऱ्याने वाढीव वॉरंटीचे पैसे जरूर मोजावेत. फॅन्सी स्क्रीनवर मोजण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

पायरी ६: टेस्ट राइड आपल्या रस्त्यावर

शोरूमसमोरच्या दोनशे मीटरांत काहीच कळत नाही. घरी टेस्ट राइड मागा, बऱ्याच कंपन्या देतात. मग आपल्या वाटेवरच्या सर्वांत वाईट चढावर डबलसीट जा. मी बायकोला मागे बसवून चांदणी चौकाचा चढ घेतला होता. एका गाडीचा वेग ५५ वरून ३८ वर आला, दुसरीने ५० धरून ठेवला. कागदावर दोघींचे आकडे जवळपास सारखेच होते. जमलं तर बॅटरी २०-२५ टक्क्यांवर असतानाही चालवा. अनेक गाड्या त्या पातळीला ताकद कमी करतात, आणि आपण घरी परततो तेव्हा बॅटरी नेमकी तिथेच असते.

मेन स्टँडवर गाडी स्वतः चढवून बघा. दोन्ही पाय टेकतात का, खड्ड्यात मागच्याला दणका बसतो का, डिकीत रेनकोटसकट डबा मावतो का, भर उन्हात डिस्प्ले वाचता येतो का. ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोटर गाडीला मागे ओढते तो अनुभव नवा असतो, पावसात त्याची सवय लागते. मागच्या चाकातच मोटर असली तर देखभाल कमी, पण टायर बदलायला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला हात लावेलच असं नाही, त्याला आधी विचारून ठेवा.

बाजारात सहज दिसणारी नावं म्हणजे आकुर्डीच्या बजाजची धातूच्या बॉडीची चेतक, चाकात मोटर असलेली टीव्हीएसची आयक्यूब, मोठ्या सीटची एथर रिझ्टा, विडा आणि ओला एस१ एक्स. यांच्या प्रत्येकीच्या वेगवेगळ्या बॅटऱ्यांच्या आवृत्त्या आहेत. तुमच्या तिसऱ्या पायरीच्या आकड्याशी जुळणाऱ्या आवृत्त्याच चालवून बघा. एथर आणि विडाचं फास्ट चार्जिंग एकाच प्रकारच्या कनेक्टरवर चालतं, बाहेरगावी जाणाऱ्याला ते उपयोगी पडतं. रोजच्या ये-जा करणाऱ्याला फास्ट चार्जिंग क्वचितच लागतं.

पायरी ७: कोटेशन ओळीओळीने

एक्स-शोरूम, विमा, आरटीओ, ॲक्सेसरीज आणि 'हँडलिंग' अशी प्रत्येक ओळ सुटी लिहून मागा. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये बॅटरीवरच्या गाड्यांना नोंदणी शुल्कातून सूट दिली, आणि राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मोटार वाहन कराची माफी आहे. त्यामुळे आरटीओच्या ओळीत मोठी रक्कम दिसली तर कशाची, ते विचारा. केंद्राची सबसिडी लागू असेल तेव्हा ती एक्स-शोरूम किमतीतून आधीच वजा असते. "नंतर खात्यात येईल" यावर विसंबू नका. चार्जर किमतीत धरलाय का? ॲपची आणि नकाशाची सेवा किती वर्षं मोफत, नंतर काय दर? नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, बाकीचा विमा शोरूममधूनच घ्यायला हवा असं नाही. बाहेरचा दर काढून आणा, बऱ्याचदा तिथल्या तिथे कमी करून देतात.

गाडी ताब्यात घेताना आणि पहिला महिना

ताबा दिवसाउजेडी घ्या. चेसिस, मोटर आणि बॅटरीचा नंबर कागदांशी स्वतः ताडून बघा, वॉरंटी कार्डवर तोच बॅटरी नंबर आहे याची खात्री करा. चार्जर तिथेच लावून अर्धा तास चार्ज करून दाखवायला सांगा.

पहिल्या महिन्यात घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, बॅटरी अर्धा-पाऊण तास निवू द्या. रोज ८०-९० टक्के पुरत असेल तर तेवढंच करा. महिनाभर गावी जाणार असाल तर निम्म्या चार्जवर ठेवून जा. पहिल्या आठवड्यात चार्जिंग चालू असताना दोन तासांनी प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर ताबडतोब बंद करून वायरमनला बोलवा.

पावसाळ्याबद्दल एक शेवटचं. आयपी६७ म्हणजे बॅटरी १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकते, पण ही चाचणी नव्या पॅकची असते आणि स्वच्छ पाण्यात होते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर एकता नगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या तासन्‌तास बुडाल्या होत्या. तुमची गाडी अशी बुडाली तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून बघू नका, चार्जिंगला तर लावूच नका. इमारतीपासून लांब, मोकळ्यावर ढकलत न्या, फोटो काढून विमा कंपनीला कळवा आणि टेम्पोत घालून सेंटरला पाठवा.